बॅकअपचं सॉफ्टवेअर घेताना गरज बघू नये

धंद्यासाठी बॅकअपचं सॉफ्टवेअर घ्यायचंय? मग आधी एक करा, गरजेचा विषयच काढू नका. विकणारा विचारेल, 'शेठ, किती तासांचं काम गेलं तर चालेल? आणि गेल्यावर किती वेळात बिलिंग परत सुरू व्हायला हवं?' असल्या अशुभ प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. 'फायनल किती लावणार?' एवढंच विचारा.

फारच महाग वाटलं तर भाचा आहेच. तो इंजिनिअरिंगला आहे. मेकॅनिकलला, पण लॅपटॉप आहे त्याच्याकडे. क्रॅक, म्हणजे चोरीची फुकट प्रत, आणून देईल.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक जागेबाहेर, असा ३-२-१ नियम म्हणे जाणकार पाळतात. आपणही पाळतोच की. पेनड्राइव्ह ३, त्यातले २ बंद, १ सापडत नाही.

हार्ड डिस्क घेतलीत तर ती कॉम्प्युटरला कायम जोडलेली असू द्या. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आलाच तर बिचाऱ्याला शोधाशोध नको. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या असल्याच व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार जगभर ठप्प केला, अगदी आपल्या न्हावाशेव्यातलं टर्मिनलसुद्धा. त्यांच्या डोमेन कंट्रोलरची, म्हणजे नेटवर्कवर कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या सर्व्हरची, एकच प्रत वाचली, घानातली, तीही नेमकी तिथे वीज गेल्याने ती नेटवर्कपासून तुटली होती म्हणून. आपल्याकडे तर वीज रोज जाते. म्हणजे निम्मा बॅकअप फुकटात झाला.

कंपनी असेल तर कॉम्प्युटरवरच्या हिशेबाचा बॅकअप रोज, तोही भारतातल्याच सर्व्हरवर हवा, असं २०२२ पासून नियमात आहे. ते सीए बघतील. सीएंना वाटतं तुम्ही बघताय. चालू द्या.

आणि घेतलेला बॅकअप उघडून बघायच्या भानगडीत तर पडूच नका. आमच्या गाळ्यातल्या अकाउंटंट मॅडम रोज संध्याकाळी सहाला पेनड्राइव्ह लावायच्या, कॉपी-पेस्ट करायच्या, वहीत तारीख घालून सही करायच्या. लक्ष्मीपूजनाला त्या पेनड्राइव्हला हळदकुंकूही वाहिलं होतं. मार्चएंडला कॉम्प्युटर बसला, तेव्हा तो पहिल्यांदा उघडला. आत टॅलीचा डेटा नव्हता, डेस्कटॉपवरचा टॅलीचा शॉर्टकट होता. दोन केबी. अकरा महिने रोज तोच कॉपी होत होता.

वहीत मात्र एक सही चुकलेली नाही.