‘फक्त पक्ष्यांवरच बोला’ म्हणणाऱ्यांनो, जरा दमानं

डिसेंबर उजाडला की आमच्या कोल्हापुरातल्या पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन गोष्टी हटकून येतात. एक म्हणजे थंडीचे पाहुणे पक्षी. दुसरी म्हणजे अॅडमिनची सूचना. ‘कृपया ग्रुपवर फक्त पक्ष्यांविषयी पोस्ट कराव्यात. शुभेच्छा, फराळाचे फोटो, घरगुती विषय टाळावेत.’ यंदा ती जरा लवकरच आली. खाली हात जोडलेले होते, पण सूर हात उगारल्याचा होता.

माझं म्हणणं सरळ आहे. ही सूचना काढून टाका. गप्पा बंद केल्या की पक्ष्यांच्या बातम्यापण आटतात. हे मी उगाच म्हणत नाही, ग्रुपवरच रोज बघतोय.

सूचनेच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. ग्रुपमध्ये एक सिस्टर आहेत. नर्स आहेत, म्हणून वयानं मोठे असलेलेसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणतात. शाहूपुरीत राहतात, घरी नाताळची गडबड. त्यांनी लिहिलं, ‘करंज्यांचं सारण झालं एकदाचं. गॅलरीत चांदणी टांगायला गेले तर समोरच्या तारेवर एक पाखरू. चिमणीएवढंच, वरनं काळं, पोटाला तांबडं. सारखी शेपटी थरथरवतंय आणि मधेच खाली वाकून नमस्कार घालतंय. कोण हो हे?’ सोबत फोटो होता तो चांदणीचा. पाखराचा नव्हताच.

ग्रुपवर एकदम जाग आली. कृष्ण थिरथिरा! नर. हिमालय, तिबेट, मध्य आशिया या पट्ट्यात उन्हाळ्यात घरटी करायची आणि हिवाळ्यात आपल्याकडे उतरायचं, असा याचा रिवाज. ती शेपटीची थरथर आणि तो वाकून नमस्कार, एवढ्यावर डोळे झाकून ओळखावा. मादी मातकट रंगाची, पण शेपटी तिचीही तांबूस. यंदाच्या थिरथिऱ्याची आमच्या ग्रुपवरची पहिली बातमी ही अशी करंजीच्या सारणाला चिकटून आली. सिस्टर नियम पाळत्या तर काय झालं असतं? नाव माहीत नाही, फोटो नाही, मग कशाला लिहा म्हणून त्या गप्प बसल्या असत्या. पक्षी तारेवरून उडून गेला असता आणि आपल्याला पत्ताही लागला नसता.

मग विषय वाढत गेला, वाढणारच. कुणीतरी नाताळचं शुभेच्छापत्र टाकलं. बर्फ, लाकडी कुंपण, त्यावर छाती फुगवून बसलेला केशरी छातीचा पक्षी. खाली प्रश्न, ‘हा आपला रॉबिनच ना?’ नाही, भावा. तो युरोपातला. आपल्याकडे ज्याला इंडियन रॉबिन म्हणतात तो चीरक. नर काळा, खांद्यावर पांढरा पट्टा, उभारलेल्या शेपटीखाली विटकरी डाग. शिवाजी विद्यापीठाच्या माळावर दगडा-दगडावर दिसतो. आणि दयाळ, म्हणजे मॅगपाय रॉबिन, तो आणखी वेगळा.

आमच्यात एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांना प्रश्न मिळाला की त्यांच्या अंगात येतं. त्यांनी सांगितलं, नाताळचं पहिलं छापील विक्रीचं शुभेच्छापत्र १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या माणसानं काढलं. त्या काळात तिथले पोस्टमन लाल कोट घालायचे, लोक त्यांना गमतीनं रॉबिन म्हणायचे. पत्र आणणारा रॉबिन आणि लाल छातीचा रॉबिन अशी जोडी जमली आणि पक्षी कार्डावर येऊन बसला, असं सांगतात. मला त्यांची पुढची गोष्ट जास्त आवडली. तो युरोपी रॉबिन ऐन हिवाळ्यात गातो. मादीसुद्धा थंडीत आपापला इलाखा सांभाळते आणि गाते. म्हणजे तिकडच्या लोकांना नाताळात खिडकीबाहेर खरंच गाणं ऐकू येतं. आपला दयाळ मात्र थंडीत गप्प असतो. नुसता कर्कश चर्र करतो आणि झुडपात शिरतो. त्याचं शिट्टीवजा गाणं ऐकायचं तर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत थांबायला लागतं. हे कुणाच्या लक्षात होतं? पक्ष्यांच्या यादीत ‘दयाळ, १’ एवढंच जातं. गातोय की गप्प बसलाय, ते गप्पांतूनच कळतं.

यावर अॅडमिननी काय लिहावं? ‘विषयाला धरून.’

बरं, नाताळ आणि पक्षी हे विषयाला सोडून आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडा इतिहास. अमेरिकेत एके काळी नाताळच्या सुट्टीत शिकारीची चढाओढ चालायची. दोन बाजू पाडायच्या, बंदुका घेऊन रानात जायचं, आणि ज्यांचा मेलेल्या पक्ष्या-प्राण्यांचा ढीग मोठा ते जिंकले. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीतज्ज्ञानं १९०० साली सुचवलं की मारू नका, मोजा. त्या २५ डिसेंबरला २७ जणांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले. ती गणना आजतागायत चालू आहे, दरवर्षी १४ डिसेंबर ते ५ जानेवारी. शंभरावर वर्षांच्या नोंदी साठल्यात आणि संशोधक त्या वापरतात.

मला यात चॅपमनची हुशारी दिसते ती अशी की त्यानं बंदूक काढून घेतली, पण सुट्टी, गोतावळा, पैज, थट्टामस्करी यातलं काही काढलं नाही. नुसतं ‘उद्यापासून शास्त्रीय नोंदी ठेवा’ म्हणाला असता तर त्या थंडीत कोण कुत्रं बाहेर पडलं असतं? आपल्याकडे ५ नोव्हेंबर ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह होतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. चांगलंच आहे. पण या दोन्हींच्या मधला डिसेंबर रिकामा नाही. त्यात रंकाळ्यावर फिरायला जाणारी, धुण्याच्या नळापाशी घटकाभर थांबणारी, गॅलरीत चांदणी टांगणारी माणसं आहेत, आणि त्यांना डोळे आहेत.

आता जे मला खरंच लागलंय ते सांगतो.

ग्रुपमध्ये पन्हाळा तालुक्यातला एक शेतकरी गडी होता. होता म्हणजे अजून आहे, पण बोलत नाही. मागच्या हंगामात त्यानं लिहिलं होतं, ‘आमच्या उसाच्या फडाला तोड आली. पाखरांची लई गर्दी हाय.’ मग तो सांगत सुटला. कोयता पुढं सरकेल तसे गायबगळे मजुरांच्या पायात पायात चालतात, कारण ऊस हलला की टोळ, किडे बाहेर पडतात. कोतवाल पक्षी वाढ्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्यावर, बसून हवेतल्या हवेत झडप घालतात. फड मोकळा झाला की उंदरं उघडी पडतात आणि कापशी घार येते. पांढरीफटक, लाल डोळ्यांची, हवेत एकाच जागी पंख मारत थांबते आणि मग दगडागत खाली. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवलं की धुराच्या कडेला वेडे राघू आणि नीलपंख. (पाचट पेटवू नये, कुजवावं, यावर आमचं त्याच्याशी भांडणही झालं. ते वेगळं.) ही माहिती तो बांधावर उभा राहून देत होता. कारखान्याची टोळी कधी आली, ट्रॅक्टर कसा रुतला, हेही त्यातच येत होतं. त्याला ते वेगळं काढता येत नव्हतं, आणि का काढावं?

एका शहाण्यानं खाली लिहिलं, ‘हा शेतीचा ग्रुप नाही.’

झालं. त्यानंतर त्याचं एक अक्षर नाही. यंदा गाळप सुरू होऊन फड मोकळे होत आलेत आणि आमच्या ग्रुपवर उसातल्या एका पक्ष्याची बातमी नाही. आहेत ते मोठ्या लेन्सचे फोटो, खाली कॅमेऱ्याचं सेटिंग आणि त्याखाली ‘सुपर’, ‘नाद खुळा’. फोटो झकास असतात, नाही म्हणत नाही. पण तो पक्षी काय करत होता, ते विचारलं की उत्तर येत नाही.

अॅपवाल्यांचंही तेच. आवाज ऐकून नाव सांगणारं अॅप माझ्याही फोनमध्ये आहे, आणि उपयोगी आहे. पण राधानगरीच्या जंगलात भृंगराज दुसऱ्या पाखरांच्या नकला करतो तेव्हा अॅप त्याच्यावर खुशाल विश्वास ठेवतं. तिथं शेजारी उभा असलेला एखादा दाजीपूरकडचा म्हातारा हसतो आणि म्हणतो, ‘त्ये बेनं हाय, फशीवतंय तुमास्नी.’ त्याला कुठल्या नियमात बसवणार?

अॅडमिनची एक गोष्ट मला शंभर टक्के मान्य आहे, तेवढी पाळाच. घरट्याची जागा, घुबडाची ढोली ग्रुपवर टाकायची नाही. टाकली की संध्याकाळपर्यंत तिथं दहा कॅमेरे उभे राहतात आणि पक्षी हैराण. घुबडाचं तर अंधश्रद्धेपायी आणखीच वाईट. तिथं कडक राहा, हाकलायचं तर हाकला. करंजीच्या फोटोवर कशाला राग?

परवा रात्री सिस्टरनी अजून एक लिहिलं. कॅरल म्हणत घरोघर फिरताना एका जुन्या कौलारू घराच्या वळचणीतून पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, जोडी जोरात कलकलायला लागली. एवढी, की पेटीवाल्यानं पेटी थांबवली आणि सगळे हसत सुटले. घराचा पत्ता त्यांनी लिहिला नाही. कुणी शिकवायला लागलं नाही त्यांना.

तर, नाताळच्या आधीच्या रविवारी सकाळी साडेसहाला कळंबा तलावाच्या बांधावर जमतोय. वारकरी, टिबुकल्या, हळदी-कुंकू बदकं ही पाणपाखरं असतीलच, बाकी नशीब. मोजदाद करू, नंतर मिसळ. पन्हाळ्याच्या गड्याला मी स्वतः फोन केलाय. ‘तोड संपली की येतो’ म्हणालाय. सिस्टर डबा आणणार आहेत. अॅडमिनसाहेब, तुम्हीही या, राग नाही. फक्त मास्तरांच्या हाताला डबा लागू देऊ नका, साखर वाढलीय त्यांची आणि काकूंनी मला जबाबदार धरलंय.