सूपशास्त्र म्हणजे ‘सूप’ करण्याचे शास्त्र नव्हे

‘पाककृतींच्या पुस्तकाला आपल्याकडे सूपशास्त्र म्हणत. म्हणजे सूप हा शब्द आपलाच, इंग्रजांनी तो इथूनच नेला,’ असा निरोप सध्या फिरतो आहे. पुराव्यादाखल रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे १८७५ सालचे ‘सूपशास्त्र’, आणि वर ‘हा शब्द गुप्त्यांनीच घडवला’ अशी पुस्ती. पुस्तक खरे आहे. गडबड बाकी सगळ्यात आहे.

आधी अर्थ. संस्कृतात सूप म्हणजे मुख्यतः शिजवलेली डाळ, आपल्या वरणासारखा पदार्थ. जेवणाआधी वाटीतून पिण्याचे पातळ सूप नव्हे. मग सगळ्या स्वयंपाकाला डाळीचे नाव कसे? उत्तर अमरकोशात सापडते. तिथे आचाऱ्याला सूपकार, बल्लव, सूद, औदनिक असे शब्द एका ओळीने दिले आहेत. औदनिक हा ओदनावरून, म्हणजे भातावरून आलेला. डाळ शिजवणारा काय किंवा भात रांधणारा काय, दोघेही शेवटी आचारीच. विराटाच्या मुदपाकखान्यात भीम बल्लव होऊन राहिला, आणि ‘मी राजासाठी सूप करीन’ असे तो आधीच भावंडांना सांगतो. तो काही टोमॅटो सूप करणार नव्हता! तेव्हा सूपशास्त्र म्हणजे सरळ पाकशास्त्र.

शब्द गुप्त्यांनी घडवला म्हणावे, तर सोळाव्या शतकात मंगरसाने कन्नडमध्ये याच नावाचा पाकग्रंथ लिहून ठेवला आहे.

आता इंग्रजांची चोरी. इंग्रजीतले सूप फ्रेंच ‘सूप’वरून आले, आणि फ्रेंचमध्ये तो शब्द इंग्रज भारतात पोचण्याच्या कितीतरी आधीपासून होता. मूळ अर्थ रश्शात बुडवलेला पावाचा तुकडा. नंतर तो रश्शालाच चिकटला. जर्मन ‘झुपं’, स्पॅनिश ‘सोपा’ हे त्याच गोतावळ्यातले. काही भाषाशास्त्रज्ञ संस्कृत सूपही याच प्राचीन मुळाशी जोडतात. ते मान्य केले तरी दोन्ही शब्द दूरचे चुलतभाऊ ठरतील. नेला-आणला असे काही त्यातून सिद्ध होत नाही.

याच निरोपाच्या दुसऱ्या एका अवतारात धान्य पाखडायचे सूपही या घराण्यात घुसवले आहे. तेही चूक: ते सूप संस्कृत शूर्पावरून आले, शूर्पणखेच्या नावातल्या.