आंबोलीचा पाऊस आणि वर्षावनाची श्रीमंती : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सह्याद्रीतील सदाहरित जंगलांवरच्या माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना वृक्षांच्या जाती कमी होत जातात आणि त्याचे मुख्य कारण हवामान आहे, असे मी लिहिले होते. त्यावर आपला आक्षेप असा की, आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, केरळातील कित्येक वर्षावनांत त्याच्या निम्माही पडत नाही, तेव्हा पावसाने जंगल घडत असेल तर आंबोली सर्वांत समृद्ध असायला हवी होती. ती तशी नसेल तर दोष कुऱ्हाडीचा आहे, आणि मी हवामानाच्या आडून माणसाला निर्दोष ठरवतो आहे. उत्तरेकडच्या जंगलांना मी ‘गरीब’ म्हटले, तेही आपल्याला खटकले. शेवटी, महाराष्ट्रात केरळची रोपे आणून लावावीत, अशी सूचना आपण केली आहे.

आपल्या पहिल्या मुद्द्यातील आकडे बरोबर आहेत. मात्र सदाहरित झाडाच्या दृष्टीने वर्षाला किती पाणी पडले यापेक्षा ते किती महिन्यांत विभागून पडले, हे अधिक निर्णायक असते. वनस्पतिशास्त्रज्ञ कोरडा महिना मोजताना एक साधा ठोकताळा वापरतात. ज्या महिन्यातला मिलिमीटरमधील पाऊस त्या महिन्याच्या सरासरी तापमानाच्या दुपटीपेक्षा कमी, तो महिना कोरडा. म्हणजे सरासरी २५ अंश सेल्सिअस असेल तर ५० मिलिमीटरची रेषा. या मापाने केरळ-तमिळनाडू सीमेवरील अगस्त्यमलाईच्या परिसरात वर्षाचे दोन-तीन महिनेच कोरडे भरतात, कारण तिथे एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी येतात, १ जूनच्या सुमारास नैऋत्य मान्सून पोहोचतो आणि तो सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मान्सून हजेरी लावतो. आंबोलीचे सात हजार मिलिमीटर मात्र बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतात, आणि जमिनीत मुरण्याच्या आधीच त्यातले पुष्कळसे पाणी तेरेखोल आणि हिरण्यकेशीतून वाहून जाते. पुढे भीमाशंकरपर्यंत वर गेलो की कोरडा काळ सात-आठ महिन्यांवर जातो. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतील जाँ-पिएर पास्काल यांनी पश्चिम घाटाच्या सदाहरित वनांचे जे वर्गीकरण केले, त्यात कोरड्या ऋतूची ही लांबी एक प्रमुख निकष आहे.

ही लांबी झाडांना नेमकी कुठे नडते, हे मी मूळ लेखात पुरेसे उलगडून सांगितले नव्हते. वर्षावनातील पुष्कळ वृक्षांचे बी मोठे आणि ओलसर असते. ते वाळले की मरते, त्यामुळे पुढच्या पावसाची वाट पाहत ते मातीत पडून राहू शकत नाही. हे आपल्या जांभळालाही लागू आहे. पण जांभूळ जूनच्या तोंडाशी पिकते, बी लगेच रुजते आणि रोपाला मुळे खोल घालायला पूर्ण पावसाळा मिळतो. त्यानंतरचे सहा-सात कोरडे महिने जे रोप तगून राहील, तेच पुढे झाड होते. या चाळणीत दक्षिणेतील बहुसंख्य जाती अडकून पडतात. अंजनी, जांभूळ आणि पिसा यांसारखे मोजके वृक्ष तिच्यातून पार होतात, आणि म्हणून महाबळेश्वरच्या राईत पुन्हा पुन्हा हीच तीन नावे भेटतात. तिथे उंची आणि धुके यांमुळे उन्हाळ्याची धार थोडी बोथट होते, एवढीच त्यांना सवलत.

आता कुऱ्हाडीविषयी. कोळशाच्या भट्ट्या, जंगल तोडून-जाळून केली जाणारी कुमरी शेती आणि सरपण यांनी उत्तर सह्याद्रीची अपरिमित हानी केली आहे, याबद्दल आपल्यात मतभेद नाही, आणि मूळ लेखात त्याला एकच वाक्य देणे ही माझी चूक झाली. परंतु वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात अभ्यासलेल्या देवरायांकडे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांकडे, पाहावे. कुऱ्हाड जिथे पिढ्यानपिढ्या चालली नाही, तिथे वृक्ष उंच आणि दाट आहेत, दुर्मीळ वेलीही आहेत, तरीही दक्षिणेतील वनांचा कणा असलेला कुलेनिया हा वृक्ष तिथे आढळत नाही. देवराई हा लहान, एकाकी तुकडा असतो आणि तुकड्यातून जाती गळत जातात, हे मान्य करूनही जंगलाचा विरळपणा आणि जातींची मूळ यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असेच मला वाटते. पहिलीला प्रामुख्याने माणूस जबाबदार आहे, दुसरीला हवामान आणि त्याहून जुना इतिहास. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या ज्वालामुखींचा लाव्हा उत्तरेत पसरला, दक्षिण टोक त्यातून वाचले. जान्हवी जोशी आणि प्रवीण कारंथ या संशोधकांनी २०१३ साली घोणींच्या (शतपाद प्राण्यांच्या) वंशावळीवरून हाच प्रश्न तपासला, आणि दक्षिण घाट हे त्या काळात सजीवांचे आश्रयस्थान असावे या कल्पनेला त्यातून बळ मिळाले.

तरीही आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मीच देतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे आणि गोव्यात सत्तरीतील निरंकाराच्या राईत रानजायफळाची दलदल आहे. गुडघ्यासारखी वाकलेली मुळे चिखलातून वर काढणारे हे वृक्ष खरे तर दक्षिणेतले. ते इथे टिकले, कारण बारमाही पाण्याने त्यांच्या मुळाशी कोरडा ऋतू येऊच दिला नाही, आणि देवाच्या धाकाने त्यांच्यावर कुऱ्हाड पडली नाही. पाणी नसते तर ते इथे रुजलेच नसते, आणि राखणारी श्रद्धा नसती तर आज उरले नसते. आपण आणि मी ज्यावरून वाद घालतो आहोत, ती दोन्ही कारणे त्या एका ओहोळाकाठी एकत्र उभी आहेत.

‘गरीब’ हा शब्द मी मागे घेतो. तो वृक्षांची यादी डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला आणि सड्यांवर, म्हणजे खडकाळ उघड्या पठारांवर, अन्याय करणारा होता. कासचा वायतुरा, कोकणच्या जांभ्यावरील दिपकाडी आणि कंदीलपुष्पांच्या कित्येक जाती उत्तर सह्याद्री आणि त्याच्या पायथ्याचे कोकण सोडून फारशा कुठे मिळत नाहीत. कंदाच्या रूपाने जमिनीखाली कोरडे महिने काढायचे आणि चार महिन्यांत उगवून, फुलून, बी धरायचे, हे या वनस्पतींचे जगणे. वृक्षांना रोखणाऱ्या त्याच लांब उन्हाळ्याने आणि उथळ मातीने त्यांना घडवले आहे. आंबोलीत २००९ साली नव्याने वर्णन केलेला वाघासारख्या पट्ट्यांचा भेकही (बेडकाचा एक प्रकार) पहिल्या पावसात खडकावरील डबक्यांत अंडी घालून आपले काम भराभर उरकतो.

म्हणून केरळची रोपे आणण्याच्या आपल्या सूचनेशी मी सहमत होऊ शकत नाही. आपला गट या पावसाळ्यात काम करणारच असेल, तर सड्यावर एकही खड्डा खणू नये. रोपे जवळच्याच देवराईतील बियांपासून तयार करावीत आणि ती मूळच्या जंगलाच्या कडेला लावावीत. आणि एखाद्या राईतील बारमाही झऱ्याचे पाणी वरच्या अंगाला पाइप टाकून उचलले जात असेल, तर रोपांच्या आधी तो विषय ग्रामसभेत मांडावा.