डोहाळजेवणात मिठाची बरणी

आज जुळे सोलापुरात भाचीचं डोहाळजेवण होतं. ओटी भरून झाली आणि एका शिकल्यासवरल्या बाईंनी तिच्या हातात काचेची बरणी ठेवली. आत गुलाबी मीठ. "आता बाळंत होईपर्यंत हेच खा गं, ते पांढरं म्हणजे नुसतं केमिकल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तोंड उघडलं तर म्हणे, "काकू, तुम्ही जुन्या विचारांच्या."

बरं. मग जुनंच ऐका.

माझ्या थोरल्या आत्याला गलगंड होता. गळ्यावरची गाठ वर्षागणिक वाढत गेली. तेव्हा मीठ गाडीवरून यायचं, खडे मीठ, ज्वारीवर मिळायचं. आयोडीन कुणाच्या कानावरही नव्हतं. गंडेदोरे झाले, डागण्या झाल्या, स्थळं दारातून माघारी गेली. शेवटी सोलापूरला दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हे अन्नातल्या कमतरतेचं दुखणं आहे. आजोबांना ते पटेनाच. मीठ तर आम्ही पोटभर खातो, म्हणाले.

मीठ खातच होते हो. त्यात आयोडीन नव्हतं!

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला २५०. चिमटीत येणार नाही, डोळ्याला दिसणार नाही. पण तेवढं मिळालं नाही तर पोटातल्या बाळाचा मेंदू नीट घडत नाही. कमतरता फारच असली तर मूल मतिमंद, मुकं-बहिरं जन्मू शकतं. आणि ही बाई नेमक्या पोटुशीच्या हातात बिनआयोडीनचं मीठ देते, वर फोटो काढते. (काही गुलाबी मिठात आयोडीन घातलेलं असतं, मान्य. या बरणीवर लेबलच नव्हतं. रिबीन मात्र होती.)

कुणी म्हणेल, "समुद्राच्या मिठात नैसर्गिक असतंच की." नसतं. असलं तर नावापुरतं. समुद्रातल्या मासळीत असतं, पण आपल्या सोलापुरात समुद्राची मासळी रोज कुणाच्या ताटात असते? आणि जमिनीतलं आयोडीन पावसापाण्याने धुऊन गेलं असेल तर कडक भाकरीत ते कुठून येणार? आत्या सगळं घरचंच खायची. शुद्ध, ताजं, रानातलं.

आणि हे काय काल कुणी उठून काढलेलं खूळ नाही. १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी आयोडीनचं मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं. १९६२ साली सरकारी कार्यक्रम सुरू झाला. पण तो आत्याच्या चुलीपर्यंत पोचायला किती उशीर झाला, ते आमच्या घराला विचारा. आज खाण्यासाठी साधं मीठ विकायला बंदी आहे, २००६ पासून. तरी आठवडी बाजारात ढीग लागतातच.

डोहाळजेवणातलेच एक काका म्हणाले, "गांधीजींनी मीठ उचललं त्यात कुठं होतं आयोडीन?" माझं डोकंच फिरलं. अहो, स्वित्झर्लंडने त्याच्या आठ वर्षं आधी, १९२२ मध्ये, मिठात आयोडीन घालायला घेतलं होतं. आणि गांधीजी मिठासाठी का झगडले? गरिबाच्या ताटातली गोष्ट म्हणून. १९३० मध्ये त्यांना अटक झाली तेव्हा आपलं गाव पेटलं, मार्शल लॉ लागला. रोज चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जाणाऱ्या माणसाने मिठाचा असा विनोद करू नये.

हां, कंपन्या पैसा करायलेत, खोटं नाही. बीपीवाल्यांनी मीठ कमीच खावं. थायरॉइडचं औषध चालू असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. सगळे गलगंड आयोडीनच्या कमतरतेनेच होतात असंही नाही. झालं? एकादशीला सैंधव खा, कोण अडवतंय. रोजच्या आमटीत नको, एवढंच माझं म्हणणं.

घरात आयोडीनचं आहे म्हणून निवांत बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो, ते शेगडीशेजारी उघड्या वाडग्यात ठेवू नका. वाफेने, ओलीने आयोडीन उडतं. कारखान्यात थोडं जास्तच घालतात, ते घरी पोचेपर्यंत दहा लाख भागांत निदान १५ भाग उरावं म्हणून. उरलेलं तुम्ही चुलीपाशी घालवणार का? झाकणाची बरणी घ्या, जमेल तिथे मीठ शेवटी टाका.

आता खरी गोम. आपलं बरंच मीठ पोटात जातं ते शेंगा चटणी, लोणचं, पापड यांतून. ते कुठल्या मिठाचं असतं, कधी विचारलंय? बाळीवेशीतल्या आमच्या चटणीवाल्या मावशींना परवा विचारलं. "जाडंच की! कुटताना बारीक होतंच." म्हटलं, पुढच्या घाण्याला आयोडीनचं घाला, वरचे पैसे मी देते. मावशी हसल्या, म्हणाल्या, "चव बदलली तर गिऱ्हाईक तुम्ही आणून देणार का?"

सोमवारी दोन पुडे घेऊन जाते. चव बदलते का ते तिथेच खाऊन बघू.