मधुचंद्राला इजिप्तलाच जा

महाबळेश्वरला गेलात तर कोणी काही विचारणार नाही. मनालीला गेलात तर 'बर्फ होता का?' एवढंच विचारतील. मेहंदीवाल्यापासून हॉलच्या भाड्यापर्यंत एवढा पैसा ओतल्यावर मधुचंद्र स्वस्तात उरकणं हा दोन्ही घराण्यांचा अपमान आहे. बाली, थायलंड, मालदीवला तर तुमच्या ऑफिसातला अख्खा मजला जाऊन आलाय. तेव्हा इजिप्त. एकाच पॅकेजमध्ये पिरॅमिडही आणि समुद्रही. संस्कृती नातेवाइकांना दाखवायला, बीच मित्रांना दाखवायला. तुम्हा दोघांना काय हवंय, हा प्रश्न माहितीपत्रकात कुठेच नसतो, तेव्हा तुम्हीही तो एकमेकांना विचारायच्या भानगडीत पडू नका.

आजीला मात्र पिरॅमिड म्हणजे काय ते सांगू नका. हळद उतरेपर्यंत नव्या नवरीने तिन्हीसांजेला उंबरठ्याबाहेर पडू नये म्हणणारी ती माउली. नातसून जोडीने थेट साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात शिरणार, तेही तिकीट काढून, हे तिला झेपायचं नाही. नाईलचा पश्चिम काठ म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू, जुन्या इजिप्तमध्ये ती मेलेल्यांची मानत, आणि गिझाचे पिरॅमिड नेमके त्याच काठाला आहेत. 'मोठं हेमाडपंती देऊळ आहे' म्हणा. हात जोडेल बिचारी.

तिकीट काढताना नवरीचं नवं नावच टाका. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने एवढ्या कौतुकाने लिहिलेलं नाव, ते वापरायचं कधी? व्हिसाच्या अर्जावर तेच, विमानाच्या तिकिटावर तेच. पासपोर्टवर अजून माहेरचं आहे, असू दे. काउंटरवरची मुलगी पासपोर्ट बघेल, तिकीट बघेल, पुन्हा पासपोर्ट बघेल, मग तिच्या साहेबाला बोलावेल. तिला तांदळाचं ताट दाखवता येत नाही, एवढीच अडचण. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलण्याची सक्ती नाही, व्हिसा-तिकीट माहेरच्या नावाने काढून खुशाल फिरता येतं, असं सांगणारा एखादा शहाणा मित्र भेटेल. त्याला लग्नालाच बोलवायला नको होतं.

महिना मे. इजिप्तचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणून तो टाळा. तेव्हा हवा बरी असते आणि त्यामुळे दर चढे असतात. मेमध्ये लक्सरला, म्हणजे राजांची थडगी आहेत त्या दक्षिणेकडच्या गावी, पारा चाळिशी ओलांडतो, सावली फक्त थडग्यांच्या आत मिळते आणि पॅकेज स्वस्त. शिवाय उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीचच तास मागे असतं. आईने सकाळी साडेसातला चहा पिता पिता 'उठलात का रे?' म्हणून फोन केला की तुमच्याकडे पहाटेचे पाच वाजलेले असतात. एकांताचा फार त्रास होत नाही.

प्री-वेडिंग शूटवाल्या दोस्ताचा ड्रोन मागून घ्या. इजिप्तमध्ये परवानगीशिवाय ड्रोन नेता येत नाही, कस्टमवाले ठेवून घेतात. तेवढंच सामान हलकं.

आता उंट. उंटाशिवाय फोटो म्हणजे लग्नात न जेवता परत येणं. उंटवाला लांबूनच ओळखतो. 'इंडिया? अमिताभ बच्चन!' म्हणत येईल. इजिप्तमध्ये बच्चनसाहेबांची लोकप्रियता अफाट आहे आणि तिचा हिशेब तुमच्या खिशातून चुकता होतो. तो तुमच्या डोक्याला रुमाल गुंडाळेल, 'गिफ्ट' म्हणेल. घ्या, नाही म्हणू नका, बिल शेवटी येतं. भाव ठरवताना फक्त चढायचा ठरवा. उतरायचं काही विचारू नका, विश्वास दाखवा. उंट आधी मागचे पाय ताठ करतो, त्यामुळे तुम्ही पहिल्यांदा पुढे, त्याच्या मानेवर कोसळाल. नवरी तुमच्या पाठीवर आदळेल. मग पुढचे पाय उठतील आणि दोघं मागे जाल. पाठ सावरून वरून बघाल तेव्हा तुमचा फोन उंटवाल्याच्या हातात असेल आणि तो भराभर फोटो काढत असेल. काढतो फार सुंदर. मग सांगतो, चढायचे अमुक, उतरायचे त्याच्या दुप्पट, फोटोची बक्षिशी वेगळी, आणि उंटाला बस म्हणणं फक्त त्यालाच येतं. संसारातली पहिली आर्थिक चर्चा दोघांनी इथेच करावी. जागा उंच आहे, कोणी ऐकत नाही.

गिझातला सगळ्यात मोठा, खुफू राजाचा पिरॅमिड मूळचा 146 मीटरचा, वरचं टोक आणि बाहेरचं गुळगुळीत आवरण गेल्याने आज 138च्या आसपास उरलाय. दगड सुमारे 23 लाख. त्यावर चढायला बंदी आहे. आत जायला मात्र वेगळं तिकीट आहे, ते जरूर काढा. चढणीच्या बोळाची उंची जेमतेम सव्वा मीटर, म्हणजे आख्खा चढ कमरेत वाकून. समोरून उतरणारेही त्याच बोळातून येतात. हवा कोंदट, पुढच्या माणसाची पाठ तुमच्या नाकाशी. जेजुरीला बायकोला उचलून पायऱ्या चढलात, ती हौस तिकडेच फिटली म्हणायची, इथे स्वतःला उचललंत तरी पुष्कळ. त्यानंतरची मोठी दालनवाट मात्र खरोखर थक्क करते. साडेआठ मीटर उंच, दोन्ही भिंती दगडाच्या एकेका थराने आत सरकत गेलेल्या. (इथे लेखकाचा उपरोध थोडा वेळ बंद पडतो, माफ करा.) सगळ्यात वर राजाची खोली. ग्रॅनाइटच्या कोऱ्या भिंती, एक चित्र नाही, आणि झाकण नसलेली रिकामी दगडी पेटी. 'एवढंच?' असं जो आधी म्हणेल, त्याला ते आयुष्यभर ऐकावं लागेल.

बाहेर स्फिंक्सपाशी, म्हणजे सिंहाचं अंग आणि माणसाचं तोंड असलेल्या त्या प्रचंड दगडी मूर्तीपाशी, गाइड सांगेल की नाक नेपोलियनच्या तोफांनी उडवलं. मान डोलवा. नेपोलियन जन्मला 1769 साली आणि नाक नसलेल्या स्फिंक्सचं चित्र एका डॅनिश प्रवाशाने 1737 मध्येच काढून ठेवलंय, पण गाइडशी वाद घालून बायकोपुढे हुशारी दाखवायची तर पुढचे दिवस तिच्याशीच बोलायचंय, हे लक्षात असू द्या. फोटोत उजवीकडची पिझ्झाची पाटी येऊ देऊ नका, वाळवंट वाटलं पाहिजे.

पिरॅमिडवरून समुद्र दिसतो, ही समजूत बॅगेत घेऊनच निघा. लाल समुद्राकाठचं हुरघडा, जिथे तुमचं रिसॉर्ट आहे, तिथून साडेचारशे किलोमीटर आहे. रिसॉर्टवर पोचताच मनगटाला प्लास्टिकची पट्टी बांधतील. एका हातात हिरवा चुडा, त्याच्यावर ही निळी पट्टी, त्याखाली कोपरापर्यंत मेहंदी. चुडा फुटू नये म्हणून सासूबाईंनी बजावलेलं, आणि लाल समुद्राची सगळी मजा पाण्याखाली. प्रवाळ किनाऱ्याजवळच सुरू होतं, तोंडाला नळी लावून मान बुडवली की रंगीत माशांचा थवा अंगावरून जातो. नवरीने हात वर धरून पोहावं. नवरदेवाने काठावर जीन्समध्ये उभं राहून 'जपून गं' म्हणावं. आरामखुर्च्यांचं म्हणाल तर उजाडायच्या आत युरोपातली मंडळी त्यांवर टॉवेल टाकून जातात, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी. तुमचा एसटीचा अनुभव इथे कामी येईल.

खाण्याचे पैसे आधीच भरलेत, तेव्हा वसूल होईतो बुफे सोडू नका. बाहेर चौकात कोशारी मिळते. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, टोमॅटोचा झणझणीत रस आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा. शुद्ध शाकाहारी, स्वस्त आणि पोटभर. म्हणूनच ती खाऊ नका. खोलीत बसून मेतकूट-भाकरीचे तुकडे खा, ते वजन करून आणलेत ना?

शेवटी भेटवस्तू. पपायरस, म्हणजे जुन्या इजिप्तचा लव्हाळ्याचा कागद, म्हणून जे रस्त्यावर विकतात ते बऱ्याचदा केळीच्या पानाचं असतं, तेव्हा गावच्या लोकांसाठी तेच न्या, केळीचं कौतुक आपल्यालाच नाही तर कुणाला. सासूबाईंसाठी मात्र कार्तूशचं लॉकेट घ्या. लंबगोल चौकटीत चित्रलिपीत त्यांचं नाव. ती चौकट फक्त राजाराण्यांच्या नावाभोवती काढत, हे त्यांना नीट समजावून सांगा. दोन्ही आत्याबाईंसाठीही त्याच नावाची आणखी दोन करून घ्या, जास्त घेतली की भाव उतरतो. वाचता कुणालाच येत नाही.