पोरांना आगीच्या तोंडाशी कॅम्पसवरच ठेवलं, आणि ते बरोबरच केलं

डिसेंबर २०२४ मधला तो व्हिडिओ अजूनही अधूनमधून फिरत येतो. कॅलिफोर्नियातल्या मालिबूची पेपरडाइन युनिव्हर्सिटी, लायब्ररीच्या मोठमोठ्या काचा, काचेबाहेर सगळं लाल-नारिंगी आणि आत मुलं बॅगा घेऊन बसलेली. सोबत वाक्य ठरलेलं, ही युनिव्हर्सिटी वेडी आहे का, मुलांना बाहेर का काढलं नाही. परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर तो पुन्हा आला, पुन्हा तीच चर्चा झाली, आणि माझी बहीण, जिचा मुलगा तिकडेच सदर्न कॅलिफोर्नियात शिकतो, ती पुन्हा घाबरली. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. त्या रात्री मुलांना कॅम्पसवर थांबवलं ते बरोबर होतं. बाहेर काढलं असतं तर जास्त धोका होता. पण म्हणून कुठल्याही कॉलेजने उठून "आम्ही पण मुलांना आतच ठेवणार" म्हणावं असं अजिबात नाही, आणि खरी काळजी करायची तर ती वेगळ्याच गोष्टीची करायला हवी.

आधी जागा समजून घ्या. मालिबू म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लगेच डोंगर. डोंगरावर चॅपराल म्हणतात ते बुटक्या झुडपांचं रान, उन्हाळाभर वाळून कडकडीत झालेलं. शरद ऋतूपासून तिथे सँटा ॲना नावाचे वारे सुटतात, आतल्या वाळवंटी पठाराकडून समुद्राकडे उतरणारे, कोरडे, गरम, आणि दऱ्यांमधून येताना त्यांचा वेग भयंकर वाढतो. आग लागली की ती समुद्राकडेच पळते, म्हणजे थेट वस्तीकडे. आणि कॅम्पसपासून बाहेर पडायला रस्ते किती, तर किनाऱ्याने जाणारा पॅसिफिक कोस्ट हायवे आणि डोंगरातून जाणारा मालिबू कॅन्यन रोड, बस, मोठे असे हेच. ९ डिसेंबर २०२४ ला रात्री अकराच्या सुमारास फ्रँकलिन आग लागली ती नेमकी त्या मालिबू कॅन्यनमध्येच. म्हणजे दोनातला एक रस्ता सुरुवातीलाच गेला. आता सांगा, तीन हजारांच्या आसपास मुलं, परीक्षांचा आठवडा चालू, मध्यरात्र, वीज जातेय, आणि उरलेल्या एकाच रस्त्यावर सगळं गाव आधीच निघालेलं, त्या रस्त्यावर ही सगळी मुलं सोडायची?

हे मी हवेत बोलत नाहीये. ८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियात दोन मोठ्या आगी एकाच दिवशी लागल्या. उत्तरेला कँप फायर, तिने पॅरडाइज नावाचं अख्खं गाव खाल्लं, ८५ माणसं गेली, त्यातली काही तर गावाबाहेर पडताना ट्रॅफिकमध्ये अडकून गाडीत किंवा गाडीजवळ गेली. आणि दक्षिणेला वूल्झी फायर, जी दुसऱ्या दिवशी १०१ हायवे ओलांडून मालिबूत उतरली, जवळपास ९७ हजार एकर जळालं, दीड हजारांवर इमारती गेल्या. तेव्हा कोस्ट हायवेवर लोक तासन् तास गाड्यांमध्ये अडकले होते, मागे डोंगर पेटलेला. त्याच वेळी पेपरडाइनची मुलं कॅम्पसवर आत होती. आदल्या दिवशीच ती शोकात होती, कारण ७ तारखेच्या रात्री जवळच्या थाउजंड ओक्स गावातल्या बारमध्ये जो गोळीबार झाला त्यात त्यांचीच एक फर्स्ट इयरची मुलगी गेली होती. त्या मुलांनी त्या दोन-तीन दिवसांत काय सोसलं असेल याचा विचार करून आजही पोटात कालवतं. पण कॅम्पसवर आगीने एकही जीव गेला नाही. २०२४ लाही नाही.

आणि जानेवारी २०२५ तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागातली आग ७ तारखेला लागली, लोक निघाले, सनसेट बुलेव्हार्डवर गाड्या जाम झाल्या, मग लोक गाड्या तशाच टाकून पायी पळाले आणि फायर ब्रिगेडला आत जायला बुलडोझर लावून त्या गाड्या बाजूला सारायला लागल्या. उशिरा निघणं हा सगळ्यात वाईट पर्याय असतो. ऑस्ट्रेलियात लोकांना वर्षानुवर्षं सांगत होते की एकतर पूर्ण तयारीने घरी थांबा नाहीतर लवकर निघा, आणि ७ फेब्रुवारी २००९ ला, ब्लॅक सॅटर्डे म्हणतात त्या दिवशीच्या वणव्यांत, १७३ माणसं गेल्यावर तो सल्लाच नव्याने तपासावा लागला. साधं घर वाचवत बसणं आणि तयारी केलेल्या इमारतीत थांबणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तयारी म्हणजे काय तेच लोक बघत नाहीत. व्हिडिओत ज्वाळा दिसतात, त्या भिंतीसारख्या चालून येतात असं वाटतं. पण झुडपांची आग एका जागी फार वेळ टिकत नाही, जळायचं ते भराभर जळून पुढे सरकते. घरं पेटतात ती बऱ्याचदा उडत आलेल्या निखाऱ्यांनी. वाऱ्याबरोबर निखारे खूप लांब जातात, छपराच्या फटीत, व्हेंटच्या जाळीत, भिंतीलगतच्या वाळक्या पाल्यात पडतात आणि मागाहून घर आतून पेट घेतं. त्यामुळे आगीशी खरी लढाई ती यायच्या आधीच झालेली असते. इमारतीचं मटेरियल न पेटणारं आहे का, भोवतीचं रान दरवर्षी कापलंय का, पार्किंग आणि पाणी दिलेली हिरवळ यांचा मोकळा पट्टा आहे का. पेपरडाइनने हे सगळं काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, फायर डिपार्टमेंटबरोबर बसून वर्षानुवर्षं केलंय. त्यांच्या तळ्यांमध्ये प्रक्रिया केलेलं पाणी साठवलेलं असतं, हेलिकॉप्टरांनी आगीच्या वेळी तिथूनच पाणी उचललं. शेल्टर इन प्लेस, म्हणजे ठरलेल्या इमारतीतच थांबायचं, हा त्यांचा निर्णय त्या रात्री कुणीतरी घाबरून घेतलेला नव्हता.

उलट उदाहरणही द्यायला पाहिजे. सँटा बार्बराजवळ वेस्टमाँट कॉलेज आहे. नोव्हेंबर २००८ ला टी फायर आली तेव्हा शेकडो मुलं आणि स्टाफ कॉलेजच्या जिममध्ये थांबले, कारण तीच त्यांची ठरवलेली जागा होती. माणसं सगळी वाचली, पण कॅम्पसवरच्या काही इमारती आणि प्राध्यापकांची घरं गेली. म्हणजे एकाच कॅम्पसवर एक इमारत आसरा देऊ शकते आणि थोड्या अंतरावरची राख होऊ शकते. आणि केपटाउन युनिव्हर्सिटी, १८ एप्रिल २०२१, रविवार. टेबल माउंटनच्या उतारावरची आग खाली कॅम्पसमध्ये उतरली, मुलांना हॉस्टेलमधून बाहेर काढलं, ते बरोबरच होतं, पण जॅगर लायब्ररीची रीडिंग रूम जळून गेली, आफ्रिकन स्टडीजचा छापील संग्रह बराचसा गेला. तळघरातलं बरंच काही वाचलं ते आग अडवणारे फायर शटर वेळेवर खाली आले म्हणून, आणि नंतर पाण्याने भिजलेले कागद स्वयंसेवकांनी क्रेटमध्ये भरून बाहेर काढले. मला पुस्तकांचं वेड आहे त्यामुळे ते फोटो बघवत नव्हते. पण मुद्दा तोच, एका शटरने जे वाचवलं ते आगीच्या दिवशी धावपळ करून वाचलं नसतं.

मालिबूतल्या रहिवाशांचा राग मात्र मला समजतो. वूल्झीनंतर बरेच लोक म्हणाले की आमची घरं जळत होती आणि बंब युनिव्हर्सिटीत उभे होते. ज्याचं घर गेलं त्याला कसं सांगणार की तुझं चुकतंय. हजारो माणसं एका जागी असतील तर फायर ब्रिगेडला तिथे जावंच लागणार आणि तेवढे बंब दुसरीकडे कमी पडणार, हे खरंच आहे. माझं म्हणणं एवढंच की तीच हजारो माणसं रस्त्यावर असती तर बंब रस्त्यातच अडकले असते. पण ज्या युनिव्हर्सिटीला थांबायचंय तिने स्वतःचं पाणी, स्वतःची ट्रेन केलेली माणसं, स्वतःचे जनरेटर ठेवून तो भार जितका हलका करता येईल तितका करायला हवा, गावाला त्याचा हिशोब उघडपणे दाखवायला हवा.

आता मला खरंच ज्याची चीड येते ते. पेपरडाइनवर सगळे तुटून पडतात, पण तिथल्या मुलांना निदान माहीत असतं की कुठल्या बिल्डिंगमध्ये जायचं. जास्त धोका आहे तो ज्या कॅम्पसवर ना धड थांबा म्हणतात ना धड निघा. जानेवारी २०२५ ला बहिणीचा मुलगा ज्या कॅम्पसला आहे तिथून ईमेल आला, वर्ग रद्द, सुरक्षित वाटत नसेल तर आपापल्या सोयीने निघा. कुणाच्या सोयीने? ज्याचे आईवडील दोन तासांवर राहतात आणि ज्याच्या दारात गाडी आहे त्याच्या सोयीने. आमचा मुलगा आणि त्याचे रूममेट, कुणाकडेच गाडी नाही, तिकडे नातेवाईक नाहीत, हॉटेलांचे दर आभाळाला भिडलेले, उबर मिळत नाही. त्यांनी कुठे जायचं? शेवटी एका सीनियर मुलीने गाडीतून नेलं, दाटीवाटीने, तिचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण हे काम तिचं नव्हतं.

यूसीएलएचंही, म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचंही बघा. पॅलिसेड्सचीच आग पश्चिमेकडून आली, १० जानेवारीच्या आसपास इव्हॅक्युएशन वॉर्निंगची, म्हणजे जागा सोडायला तयार राहा या इशाऱ्याची, हद्द ४०५ फ्रीवेपर्यंत आली, फ्रीवेच्या पलीकडे थोड्याच अंतरावर कॅम्पस. कॅम्पसला निघायचा आदेश नव्हता, पण तयार राहा असं सांगितलं होतं, आणि हे योग्यच होतं. त्यात आदल्या दिवशी काउंटीकडून अख्ख्या लॉस एंजेलिसला चुकून इव्हॅक्युएशनचा अलर्ट गेला होता, जो खरा फक्त एका भागासाठी होता. एकदा असं झालं की पुढचा खरा अलर्टही माणूस बाजूला सारतो. अशा वेळी युनिव्हर्सिटीचं काम दुप्पट वाढतं, दर थोड्या वेळाने एकाच ठिकाणाहून, साध्या भाषेत सांगायचं की आत्ता काय परिस्थिती आहे, पुढचा मेसेज किती वाजता येईल. नवीन काही नसेल तरी "नवीन काही नाही" असं सांगायचं. तिकडे रात्रीचे अकरा म्हणजे हिवाळ्यात इथे दुसऱ्या दिवशी दुपारचे साडेबारा, इथे घरात बसून आई व्हॉट्सॲपवर जुने व्हिडिओ नवीन समजून बघत असते, तिचा जीव कसा होत असेल.

आणि फक्त विद्यार्थी नाहीत हो. कँटीनमध्ये स्वयंपाक करणारे, सफाई करणारे, सिक्युरिटीवाले, हजारो मुलांना आत थांबवायचं म्हणजे ही माणसंही आत थांबणार, त्यांची स्वतःची घरं कदाचित त्याच आगीच्या वाटेवर असणार. त्यांना त्या तासांचे जादा पैसे मिळतात का, त्यांच्या घरच्यांना कोण काढतं, याच्यावर कुणी एक ओळ लिहीत नाही.

तर ज्यांची मुलं तिकडे जाणार आहेत त्यांनी रँकिंग बघून झालं की इंटरनॅशनल ऑफिसला सरळ ईमेल करून विचारा. आग आली तर थांबवता की काढता? थांबवत असाल तर कुठल्या इमारतीत, आणि ती फायर डिपार्टमेंटने बघितलीय का? काढत असाल तर गाडी नसलेल्यांसाठी बस आहे का, कुठून सुटते, नेऊन कुठे ठेवणार? कॅम्पसबाहेर भाड्याने राहणारी मुलं या प्लॅनमध्ये धरलीत का? मास्क देता का, आणि एन-९५ च हवेत, कापडी मास्क धुरातल्या बारीक कणांना अडवत नाही. मुलांना आगींची माहिती देणारं वॉच ड्यूटी ॲप घ्यायला सांगा, काउंटीचे अलर्ट चालू करायला सांगा, वॉर्निंग म्हणजे तयार राहा आणि ऑर्डर म्हणजे लगेच निघा एवढं पाठ करून घ्या. आणि ज्याला चालायला त्रास आहे, दमा आहे, त्याने वॉर्निंगलाच निघायचं, ऑर्डरची वाट बघायची नाही. पासपोर्ट, आय-२० (युनिव्हर्सिटीने विद्यार्थी व्हिसासाठी दिलेला फॉर्म), औषधं, चार्जर एका पिशवीत.

हे सगळं ऑगस्टमध्ये, ओरिएंटेशनच्या आठवड्यातच उरकून घ्यायला लावा, कारण सँटा ॲना वारे ऑक्टोबरपासून जोर धरतात आणि तोपर्यंत मुलं मिडटर्ममध्ये बुडालेली असतात.