वर्गातली दादागिरी थांबवायला कोणती मुलं निवडायची?

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि विद्यार्थी सुरक्षा समितीचे आदेश दिले. शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या २०२२ पासून आहेतच. मोठ्यांकडून होणाऱ्या अत्याचाराला आळा घालायचा तर हे सगळं हवंच. पण मुलांनीच मुलांना दिलेल्या त्रासाचा विषय निघाला तरी चर्चा कॅमेऱ्यापाशीच येऊन थांबते, हे मला पटत नाही. व्हॅनच्या मागच्या सीटवर रोज एकाच मुलाच्या डोक्यात मारल्या जाणाऱ्या टपल्या, शिष्यवृत्तीच्या यादीतली नावं वर्गात मोठ्याने वाचली की मागच्या बाकांवर पिकणारा हशा, गावाकडच्या बोलीची नक्कल, मधल्या सुट्टीत एखादीशी कुणीच न बोलणं, यातलं कॅमेऱ्यात काय दिसणार? आणि 'आमच्या वेळीही चिडवायचे, पोरं त्यानेच घट्ट होतात' म्हणणाऱ्यांनी, ज्यांनी शाळाच सोडली त्यांना कधी विचारलेलं नसतं.

त्रास होतो तेव्हा तिथे शिक्षक क्वचितच असतात. बाकीची मुलं मात्र असतात. कॅनडात टोरोंटोच्या शाळांमध्ये संशोधकांनी मुलांच्या अंगावर मायक्रोफोन देऊन, लांबून चित्रण करून हे पाहिलं. २००१ साली आलेल्या त्या अभ्यासात ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण मध्ये पडली फक्त १९ टक्के प्रसंगांत. जिथे कुणी मध्ये पडलं, तिथे निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. म्हणजे सगळ्यात जलद उपाय वर्गातच बसलेला असतो, आपण तो वापरत नाही.

मी राहतो त्या न्यू जर्सीत बुलिंगविरोधी कायदा कडक आहे. २०११ पासून प्रत्येक शाळेत यासाठी नेमलेली एक जबाबदार व्यक्ती असते. तक्रार आली की एका शालेय दिवसात चौकशी सुरू व्हावी लागते आणि दहा शालेय दिवसांत संपावी लागते. ही मुदत आपल्याकडे उचलण्यासारखी आहे, कारण तक्रारपेटी कुणी, कधी उघडायची आणि चिठ्ठीचं पुढे काय झालं हे कुणाला सांगायचं, याचं उत्तर अनेक शाळांकडे नसतं. पण कायदा जसाच्या तसा आणू नये. त्रास मुलाच्या एखाद्या वेगळेपणावरून झाला असेल तरच तो कायद्याच्या व्याख्येत बसतो, त्यामुळे पालक, शाळा आणि वकील त्या एका मुद्द्यावर महिनोन्महिने भांडतात. तोवर मूल त्याच वर्गात बसलेलं असतं.

मला जास्त मोलाचा वाटतो तो याच राज्यातला एक प्रयोग. २०१२-१३ या शालेय वर्षात इथल्या ५६ 'मिडल स्कूल', म्हणजे आपल्या उच्च प्राथमिक वयोगटाच्या शाळा, घेतल्या, त्यातल्या निम्म्या शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून तिथे उपक्रम राबवला. शिक्षकांनी मुलं सुचवायची नव्हती. शाळेतल्या प्रत्येकाला विचारलं, गेल्या काही आठवड्यांत तू कुणाकुणाबरोबर वेळ घालवलास? दहापर्यंत नावं लिही. मग प्रत्येक शाळेत २० ते ३२ मुलांचा गट केला. या मुलांना भाषणं दिली नाहीत की तयार अभ्यासक्रम दिला नाही. आपल्या शाळेत कशावरून खटके उडतात ते त्यांनीच ठरवलं, स्वतःच्या फोटोसह पोस्टर लावली, कुणी चांगलं वागताना दिसलं की त्याला नारिंगी मनगटपट्टी दिली. वर्षाअखेर त्या शाळांत भांडणतंट्यांच्या शिस्तभंग नोंदी सरासरी ३० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. ज्या गटांत सर्वाधिक नावं मिळालेली, म्हणजे वरच्या दहा टक्क्यांतली मुलं जास्त होती, तिथे घट आणखी मोठी होती.

आपल्याकडे नेमकं इथेच घोडं पेंड खातं. वर्गमंत्री म्हणजे पहिल्या तीनात येणारा, वही नीट ठेवणारा, फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा मुलगा. वर्गावर त्याचा धाक असतो, वजन नसतं. वजन असतं ते कबड्डीच्या संघातल्या कुणाचं, रील बनवणाऱ्या मुलीचं, सरांनी दोनदा ऑफिसात उभं केलेल्या एखाद्याचं. शिक्षकांच्या हातात यादी गेली की ही 'वात्रट' नावं आधी कापली जातात आणि उपक्रम तिथेच संपतो. कारण ती मुलं हसायची थांबली, तरच वर्ग हसायचा थांबतो.

म्हणून एखाद्या शाळेला हे करायचं असेल, तर जुलैत, तुकड्या स्थिर झाल्यावर, पाचवी ते आठवीच्या सगळ्यांना 'गेल्या काही आठवड्यांत कुणाकुणाबरोबर वेळ घालवलास?' हाच एक प्रश्न एकाच दिवशी द्यावा. 'सगळ्यात चांगला मित्र कोण' किंवा 'आदर्श विद्यार्थी कोण' असं विचारू नये, उत्तरं लगेच शिक्षकांना खूश करणारी येतात. कागदावर लिहिणाऱ्याचं नाव लागतं, पण मोजणी वर्गशिक्षकांनी करू नये. कुणाला शून्य नावं मिळाली हे बाहेर फुटलं, तर नवाच छळ सुरू होईल. मोजून झालं की कागद फाडून टाकावेत. चारशे मुलांच्या शाळेत पंचवीसेक मुलांचा गट पुरे. त्यातली निदान सात-आठ वरच्या दहा टक्क्यांतली असावीत. प्रत्येक तुकडी, मुलं-मुली दोन्ही, आणि एसटीने बाहेरगावाहून येणाऱ्यांचा घोळका, यातला कुणीही सुटू नये. पालकांची लेखी संमती घ्यावी. दर पंधरा दिवसांनी चाळीस मिनिटांची एक तासिका ठेवावी, शाळा सुटल्यावर नव्हे, कारण व्हॅनची मुलं तेव्हा थांबू शकत नाहीत.

पहिल्या बैठकीत शाळेच्या नकाशाच्या छायाप्रती वाटाव्यात आणि जिथे जायला नको वाटतं ती जागा लाल रंगवायला सांगावी. मुलांनी आणि मुलींनी वेगवेगळं बसून रंगवावं, एकत्र बसवलं की मुली स्वच्छतागृहाचा कोपरा रंगवत नाहीत. बहुतेक वेळा जिना, सायकल स्टँड आणि व्हॅनची वाट पाहायची जागा लाल होते. अर्धी दुरुस्ती तर मोठ्यांनीच वेळापत्रक बदलून करायची असते, हेही तेव्हाच कळतं.

मग मुलांनी करायचं काय? भिडायचं नाही. दोघांनी मिळून जायचं, 'चल रे, तुला सर बोलावतायत' म्हणून ज्याला त्रास होतोय त्या मुलाला तिथून बाहेर काढायचं. नंतर त्रास देणाऱ्याला एकटं गाठून 'ते बरोबर नव्हतं' एवढं सांगायचं. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रकार झाला तर ग्रुप सोडण्याआधी स्क्रीनशॉट घ्यायचा, पुढे मात्र कुणालाही पाठवायचा नाही. मारहाण, अंगाला हात लावणं, जातीवरून बोलणं, जिवाचं काही करून घेण्याची भाषा, यात मुलांनी थांबायचं आणि त्याच दिवशी ठरलेल्या एका शिक्षिकेला सांगायचं. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर त्यांना पाठ असावा.

त्यांच्याकडून समेट मात्र घडवून घेऊ नये. बरोबरीच्या दोघांचं भांडण मुलं मिटवू शकतात. दादागिरीत एकाचा हात वर असतो, तिथे समोरासमोर बसवलं की दुबळा माफ करून मोकळा होतो आणि बाहेर पडल्यावर दुप्पट मार खातो. २०११ साली झालेल्या जगभरच्या उपक्रमांच्या एका मोठ्या आढाव्यात, मुलांच्या हाती मध्यस्थी किंवा मार्गदर्शनाचं काम दिलेल्या ठिकाणी त्रास वाढल्याचं दिसलं होतं. मुलांना गळ्यात ओळखपत्र आणि नावं लिहायची वही दिली की ती पोलीस होतात. मग दुसरी दादागिरी सुरू होते, तीही शाळेच्या शिक्क्यानिशी.

चित्रकला स्पर्धेत 'बुलिंग थांबवा' असं पोस्टर रंगवून बक्षीस देणं सोपं आहे, इकडच्या शाळाही ते करतात. त्याचा वर्गावर ढिम्म परिणाम होत नाही. पोस्टरवर कुणाचा चेहरा आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

एक गोष्ट संस्थाचालकांनी आधीच मनाशी धरावी. पहिल्या सत्रात तक्रारी वाढतील. मुलं बोलायला लागली की असं होतंच. त्यावरून मुख्याध्यापकांना जाब विचारला, तर दुसऱ्या सत्रात पेटी पुन्हा रिकामी राहील. मोजायचंच असेल तर 'गेल्या महिन्यात तुला कुणी मुद्दाम, पुन्हा पुन्हा त्रास दिला का?' हा निनावी प्रश्न ऑगस्टमध्ये आणि परत फेब्रुवारीत विचारावा, आणि त्या दोन आकड्यांची तुलना पालकसभेत जशीच्या तशी वाचून दाखवावी.